मृग मावळायच्या आत

त्या साली बीड जिल्ह्यात आभाळावर खूश असलेला माणूस एकच होता, आणि ही गोष्ट त्याला कुणाजवळ बोलून दाखवायची सोय नव्हती. सगळा मुलूख वर बघून उसासे टाकत होता. ढगाची एखादी चिंधी दिसली तरी बायका अंगणात येऊन उभ्या राहत. इकडे बद्रीनाथ संध्याकाळी मोबाईलवर हवामान बघायचा, 'आकाश निरभ्र' असं आलं की मनातल्या मनात टाळी वाजवायचा, आणि मग स्वतःचीच लाज वाटून माठातलं पाणी थोडं कमी प्यायचा.

बद्रीनाथचा वडवणीत बसस्टँडच्या मागं फोटो स्टुडिओ होता. लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं आणि आप्पारावांचे कार्यक्रम ही त्याची चार पिकं. पहिली तीन दुष्काळानं नेली. नवरा तयार, नवरी तयार, पण पंगतीला पाणी कुठून आणायचं म्हणून तारखा पुढं गेल्या होत्या. चौथं पीक मात्र बारमाही. आप्पाराव म्हणजे दूध संघाचे चेअरमन, सोसायटीचे माजी चेअरमन आणि पतसंस्थेचे संस्थापक चेअरमन. वाढदिवस त्यांनाही वर्षातून एकदाच यायचा, पण निवड, फेरनिवड, अभिनंदन आणि दुसऱ्यांना वाहिलेली श्रद्धांजली धरून त्यांचा चेहरा चौकातल्या फ्लेक्सवरून कधी उतरत नसे.

सभेतले फोटो काढायला बद्रीनाथनं लांब पल्ल्याची लेन्स घेतली होती. मंडपाच्या पार शेवटाला उभं राहून तो आप्पारावांचा चेहरा असा जवळ ओढायचा, की कलप लावताना सुटलेला पांढरा केससुद्धा वेगळा दिसावा. तसा एक फोटो मोठा करून दाखवला तेव्हा आप्पाराव दचकलेच होते. "बद्री, तुज्या ह्या नळकांड्यापासून काई लपत न्हाई बे," असं म्हणून त्यांनी तो केस पुसायला लावला होता.

रिकामपणी माणूस काय करतो? मोबाईल बघतो. बद्रीनाथला त्यात कुठल्यातरी परदेशातल्या पोरानं काढलेला मृग नक्षत्राचा फोटो दिसला. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे आपण सगळेच ओळखतो. त्या बाणाच्या जरा खाली एक अंधुक ठिपका असतो, त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. फोटोत त्या ठिपक्याच्या जागी गुलाबी, निळसर धुरळा पसरलेला होता, तेजोमेघ म्हणतात त्याला. आणि खाली लिहिलेलं होतं की हा फोटो अमक्या लेन्सनं काढला. ती लेन्स बद्रीनाथच्या कपाटात होती. तीच, त्याच नंबरची.

त्या दिवसापासून त्याचं जेवणात लक्ष लागेना. वीस वर्षांत त्यानं हजारो चेहरे काढले होते, पण आपल्या मनानं एकही नाही. लोक म्हणतील तिकडं लेन्स वळवायची, म्हणतील त्याला गोरं करायचं, भांडण झालेल्या मेव्हण्याला कापून काढायचं. एक तरी फोटो असा असावा, जो कुणी सांगितला नव्हता आणि ज्यात कुणी डोळे मिटले म्हणून कुरकुरणार नव्हतं. एवढीच त्याची हौस होती, आणि ती त्याला भुकेसारखी लागली होती.

पण पृथ्वी फिरते. शाळेत पाठ केलेलं हे वाक्य खरं असल्याचा त्रास त्याला पहिल्यांदाच झाला. लेन्स मृगावर धरून शटर मिनिटभर उघडं ठेवलं, की पृथ्वी तेवढ्यात सरकायची आणि प्रत्येक ताऱ्याची रेघ व्हायची. त्याला इलाज म्हणजे ट्रॅकर. चहापत्तीच्या डब्याएवढं यंत्र, स्टँड आणि कॅमेरा यांच्या मधे बसवायचं. पृथ्वी जितकी फिरते तितकंच ते कॅमेऱ्याला उलटं फिरवतं, म्हणजे तारा जागच्या जागी राहतो. पुण्याच्या एका पोरानं हौस फिटल्यावर आपला ट्रॅकर विकायला काढला होता, तो बद्रीनाथनं मागवला. बायकोला सांगितलं की लग्नाच्या शूटिंगचं सामान आहे. कुणाच्या लग्नाच्या, हे तिनं विचारलं नाही, यातच सगळं आलं.

ट्रॅकरची एक अट होती. त्याचा आस ध्रुवताऱ्याकडं बिनचूक रोखलेला पाहिजे. त्यासाठी यंत्राच्या पोटात बोटाएवढी दुर्बीण बसवलेली होती. आपल्या भागात ध्रुव लई खाली असतो, घराच्या पत्र्यावरून हात लांब केला तर लागेल असं वाटावं इतका. बद्रीनाथच्या गच्चीवरून तो नगरपंचायतीच्या पाण्याच्या टाकीआड जायचा. टाकीत पाणी नव्हतं, पण टाकी होती. तेव्हा त्याला आपल्या गावचा डोंगर आठवला. वडवणीहून गाडीवर अर्ध्या तासाची वाट, आणि माथ्यावरून उत्तरेला सगळं मोकळं. शिवाय त्या डोंगराच्या पायथ्यालाच, उत्तरेच्या अंगाला, चारा छावणी होती. तिथं त्याची आई भिवराबाई गाभण गाय घेऊन राहिली होती, आणि तिला रोज संध्याकाळी भाकरी पोचवायला तो जातच होता.

छावणी दूध संघाच्या नावानं होती, म्हणजे आप्पारावांची. सरकारनं दुष्काळात जनावरं जगवायला छावण्या काढल्या, आणि त्या चालवायला सहकारी संस्थांना दिल्या. गावची जनावरं तिथं दावणीला, आणि जनावरांमागं माणसं पालं ठोकून. भिवराबाईची एकच गाय होती, तांबडी. बाकीची दोन जनावरं दिवाळीतच बाजारात गेली होती. तांबडी विकायला ती तयार नव्हती. "व्याली की मग बघू," म्हणायची. गाईच्या बरगड्या मोजता येत होत्या, पण पोटात वासरू हालत होतं.

तर मार्च महिन्यात एका संध्याकाळी भाकरी देऊन बद्रीनाथ स्टँड आणि पिशवी घेऊन डोंगरावर चढला. मृग तेव्हा डोक्यावरून पश्चिमेला कलायला लागला होता. रोज थोडा थोडा खाली जाणार, आणि एप्रिल सरता सरता संधिप्रकाशातच बुडणार. मग थेट हिवाळ्यात भेट. तेवढ्या दिवसांत त्याला फोटो जमवायचा होता.

पहिल्या संध्याकाळी ध्रुव सापडेपर्यंत त्याची मान आखडली. ध्रुव बरोबर छावणीच्या वर टांगलेला. त्या बोटाएवढ्या दुर्बिणीला डोळा लावून, कमरेत वाकून, कपाळावरच्या पट्टीला तांबडा दिवा लावून तो छावणीच्या दिशेनं बघत राहिला. मग जड लेन्स चढवली तर कॅमेरा एका अंगाला लवंडला, तो तोलायला वजन नव्हतं. त्यानं पिशवीत दगड भरून ती दुसऱ्या अंगाला लटकवली. सगळं बसलं. शटर दाबलं. तारे नुसते रेघा झाले नाहीत, आधीपेक्षा दुप्पट लांब रेघा झाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ध्रुव चुकतोय असं समजून तो रोज आणखी जास्त वेळ वाकून छावणीकडं बघायला लागला.

दोष ध्रुवाचा नव्हता. ट्रॅकरच्या बगलेला एक बारीक खटका होता, उत्तर गोलार्ध आणि दक्षिण गोलार्ध असा. पुण्याच्या पोरानं तो दक्षिणेवर का ठेवला होता देव जाणे. बद्रीनाथचं यंत्र इमानेइतबारे उलटं फिरत होतं. आभाळ एकीकडं चाललंय आणि कॅमेरा दुसरीकडं. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा आठवडा उलटून गेला होता. तो एकटाच डोंगरावर स्वतःला शिव्या घालत हसला आणि खटका उत्तरेवर सरकवला.

आता तारे टाचणीच्या टोकासारखे आले. पण नवीनच पंचाईत झाली. पहिल्या दोन संध्याकाळी छावणीतले हॅलोजन जेवणवेळेनंतर बंद झाले होते. त्यानंतर मात्र ते जळायला लागले ते रात्रभर. जनरेटरचा धडधडाट चालू, धुरळ्यातून उजेड वर चढलेला, आणि फोटोत मृगाच्या जागी पातळ ताक. बद्रीनाथला समजेना की डिझेलची एवढी चैन आप्पारावांना कशी सुचली.

ती का सुचली, हे त्याला फार उशिरा कळलं. आपण आत्ताच समजून घेऊ.

छावणीत रोज दिवस मावळताना उसाचा ट्रक यायचा. हॅलोजनच्या उजेडात ऊस उतरवायचा, सरकारला पाठवायला त्याचा व्हिडिओ काढायचा, आणि व्हिडिओ झाला की डिझेल वाचवायच्या नावाखाली दिवे बंद. मग अंधारात त्यातला निम्मा ऊस पुन्हा त्याच ट्रकमध्ये चढायचा आणि गुऱ्हाळाच्या वाटेला लागायचा. हा ऊस परत चढवायला छावणीवरचा व्यवस्थापक राधाकिशन उभा असायचा. त्यालाच पहिल्यांदा डोंगरावर तांबडा दिवा दिसला. बघतो तर एक माणूस वाकून, एक डोळा मिटून, नळकांड्यातून छावणीकडं टक लावून बसलाय. तो बद्री फोटोवाला आहे हे कळायला वेळ लागला नाही. राधाकिशननं आप्पारावांना फोन लावला, आणि आप्पारावांना एकदम तो कलपातून सुटलेला केस आठवला.

संघाची निवडणूक तोंडावर आली होती. विरोधी पॅनलचे मोहनराव छावणीतली भानगड शोधत गावोगाव हिंडत होते. आप्पारावांनी हुकूम सोडला, की दिवे रात्रभर चालू ठेवा, ऊस सगळा जनावरांना घाला, कुणाला बोट दाखवायला जागा नको. बद्रीनाथच्या फोटोवर पडणारा उजेड असा बद्रीनाथनंच लावलेला होता.

खाली छावणीत मात्र दिवाळी झाली. "लई चारा यायलाय बाबा," भिवराबाईनं सांगितलं. "पेंड बी द्यायलेत. तो राधाकिशन रोज इचारतो, मावशी, काई कमी न्हाई ना. सावलीची जागा दिली मला." तांबडीनं अंग धरलं होतं. ती आता आपल्या पायानं उठून टाकीपर्यंत जात होती. बद्रीनाथला वाटलं, निवडणूक आली की माणूस सुधारतो.

मग एका संध्याकाळी आप्पाराव स्वतः डोंगर चढून आले. मागं राधाकिशन, त्याच्या हातात चहाचा थर्मास. आप्पाराव बराच वेळ खडकावर बसून दम खात होते.

"काय बद्री," ते शेवटी म्हणाले. "कवापासून यायलास इथं?"

"पंधरा दिवस झाले असतील, आप्पा."

"मग काय काय आलं फोटोत?"

"कशाचं काय. समदं पांढरं व्हायलंय."

"कशाचे काढतूस?"

"ताऱ्याचे. मृगाचे." बद्रीनाथला कुणीतरी विचारलं याचाच आनंद झाला. त्यानं कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्या नाकासमोर धरला. "हे बघा. हा बाण, आन त्याच्या खाली हा ठिपका हाय ना, त्यो."

आप्पारावांनी चष्मा लावून बघितलं. पांढुरक्या पडद्यावर बारीक उजळ ठिपके होते. त्यांना ते छावणीतले दिवे वाटले आणि त्यांनी ते मनात मोजूनही बघितले. चाळीस वर्षं सहकारात काढलेल्या माणसानं बऱ्याच थापा ऐकलेल्या असतात, पण तारे ही थाप त्यांना नवीन होती. संसारी माणूस, दगडाची पिशवी लटकवून, रोज डोंगर चढून तारे काढतो म्हणे.

"कुणासाठी काढायलास? त्या मोहनरावनं सांगितलं का?"

"न्हाई आप्पा. सोतासाठी."

आप्पाराव सावरून बसले. स्वतःसाठी म्हणणाऱ्या माणसाशी बोलणी होऊ शकतात, हा त्यांचा आजवरचा अनुभव होता. "मग काय पायजे तुला? मोकळं बोल. इथं राधाकिशनशिवाय कुणी न्हाई."

"मला कायबी नको. फकस्त जेवणं झाल्यावर दोन तास छावणीतली लाईट बंद करता का? ह्या उजेडानं माजं काम व्हईना. मृग खाली चाललाय, पंधरा-वीस दिवस उरलेत."

आप्पारावांनी राधाकिशनकडं बघितलं, राधाकिशननं आप्पारावांकडं. "लाईट बंद केल्यावर तुला खालचं काय दिसंल?" आप्पारावांनी सावकाश विचारलं.

"खालचं काय करायचंय मला, आप्पा?"

आप्पाराव उठले. त्यांनी बद्रीनाथच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हाताला खरोखरच माया होती. किती माणसं आली, कुणी नोकरी मागितली, कुणी बोअर मागितली, कुणी पोराचं ॲडमिशन. नुसता अंधार मागून मोकळा होणारा हा पहिलाच. "राधाकिशन, बघून ठिव," ते म्हणाले. "अशी समज पायजे माणसाला. नारायणगडाची आण घेऊन सांगतो, बद्री, पुढच्या पॅनलमधी तुजं नाव धरलंच म्हणून समज." बद्रीनाथला ती थट्टा वाटली. तो हसला, आणि ते हसणंही आप्पारावांना बरोबर समजलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि छावणीचे दिवे गेले.

बद्रीनाथनं असा अंधार आयुष्यात बघितला नव्हता. डोंगर गेला, छावणी गेली, रस्ता गेला, आणि आभाळ एकदम अंगावर आलं. त्यानं ध्रुव लावला, लेन्स मृगावर नेली, शटर उघडलं आणि श्वास धरून उभा राहिला. मिनिटानं पडदा उजळला. त्यात बाणाच्या खाली गुलाबी धुरळा होता. फिका होता, कडेला जरा निळसर, पण होता. वडवणीच्या फोटोवाल्यानं कुणाच्या सांगण्यावाचून काढलेला, त्याचा पहिला फोटो. तो खडकावर बसला आणि त्याला रडू आलं. वडील गेले तेव्हाही तो असा एकटा बसून रडला नव्हता. खालून ट्रकचा आवाज येत होता. चारा आला वाटतं, असं त्याच्या मनात आलं, आणि आप्पारावांविषयी त्याला फार बरं वाटलं.

पण एका फोटोनं भागत नाही. असे पुष्कळ फोटो काढून संगणकावर एकावर एक रचले, की धुरळा नीट खुलतो, रंग येतो. त्याला अजून काही संध्याकाळी पाहिजे होत्या. तो रोज यायला लागला. आईला भाकरी द्यायची, दोन शब्द बोलायचे, आणि दिवे जायच्या आत वर पळायचं. तांबडीकडं बघायला त्याला सवड झाली नाही. मृग रोज थोडा खाली येत होता आणि फोटो रोज थोडा भरत होता. आणखी एक संध्याकाळ मिळाली की झालं, असं त्याच्या हिशोबानं उरलं.

त्या संध्याकाळी तो छावणीत गेला तर तांबडी आडवी होती. मान जमिनीवर टाकलेली. भिवराबाई तिच्या तोंडाजवळ बसून ओल्या फडक्यानं नाकपुड्या पुसत होती.

"माय, तांबडी कावून निजली?"

"निजली न्हाई. पडली." भिवराबाईनं वर बघितलं नाही. "सकाळी चार जणांनी मिळून उठवली. दुपारी परत पडली. आता वासराचं काय व्हतं ते बघायचं."

"चारा येतो ना पण? मी रोज ट्रक ऐकतो."

"येतो की. उजेडात येतो, अंधारात जातो."

बद्रीनाथ भाकरीचं गाठोडं हातात धरून उभा राहिला. आई सांगत होती, पण त्याला सांगतेय असं नव्हतं, गाईला सांगतेय असं होतं. "पयले बी असंच व्हतं. मग तू डोंगरावर यायला लागलास. तवापासून राधाकिशनची घाबरगुंडी उडाली. म्हणायचा, बद्री वरून समदं टिपायलाय, उसाला हात लावू नका. म्या समद्या बायांना सांगितलं, माजा लेक हाय वर. आता कुणाची मजाल न्हाई."

तिनं फडकं पिळलं. पाणी वाया जाऊ नये म्हणून गाईच्या जिभेवरच पिळलं.

"आन आता लाईट घालवतेत, ऊस भरून नेतेत, आन तू तर वरीच असतूस. काल शेजारच्या पालातली केसरबाई इचारायली, भिवरे, आप्पानं तुज्या लेकाला काय दिलं गं?" इथं तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. "म्या म्हणलं, काई दिलं न्हाई. खरं हाय ना बद्री?"

बद्रीनाथच्या खिशात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये गुलाबी मृग होता. सकाळपासून तो आईला दाखवायचा होता. काय दिलं होतं आप्पारावांनी? अंधार दिला होता. त्यानंच मागितला होता, तोंडानं, आणि वर हसला होता. हे या बाईला कुठल्या शब्दांत सांगायचं ते त्याला कळेना. "न्हाई दिलं, माय," तो म्हणाला, आणि गाठोडं ठेवून निघाला. आपण खरं बोललो की खोटं, हे त्याचं त्यालाच ठरवता आलं नाही.

डोंगर चढताना त्याला धाप लागली. वर येऊन त्यानं सवयीनं स्टँड लावला, सवयीनं ध्रुव लावला. खाली ऊस उतरला, व्हिडिओ झाला, दिवे गेले. आभाळ कालच्याहून स्वच्छ होतं. मृग पश्चिमेच्या डोंगरापासून दोन वीत वर होता. तासाभराचं काम, की फोटो पुरा. त्यानं शटर दाबलं. मिनिट सरलं. दुसरं दाबलं. खाली ट्रकचं मागचं फळकूट पडल्याचा आवाज झाला, मग ट्रकमध्ये मोळ्या पडल्याचे आवाज यायला लागले. एक, दुसरी, तिसरी. हे आवाज तो गेले कित्येक दिवस ऐकत आला होता आणि चारा उतरतोय म्हणून सुखावत आला होता.

त्यानं तिसरं शटर मधेच तोडलं. कॅमेरा ट्रॅकरवरून उतरवला, ट्रॅकर पिशवीत घातला, कॅमेरा नुसता स्टँडवर बसवला आणि लेन्स खाली छावणीवर रोखली. लेन्समधून काळ्याशिवाय काही दिसलं नाही. दिसणार नाहीच. मग त्यानं लग्नाच्या पिशवीतून फ्लॅश काढला आणि कॅमेऱ्यावर चढवला.

फ्लॅश मंडपात नवरीपासून वऱ्हाडापर्यंत पोचतो. डोंगरावरून छावणीपर्यंत त्याचा उजेड जाणं शक्य नाही, हे वीस वर्षं फ्लॅश मारणाऱ्या माणसाला सांगायला नको. पण उजेड पोचत नसला तरी चमक पोचते. त्यानं बटण दाबलं. सगळा माथा क्षणभर पांढरा झाला आणि त्याचे डोळे दिपून आभाळातला एकूण एक तारा पुसला गेला. खाली मोळ्यांचा आवाज थांबला. त्यानं पुन्हा दाबलं. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी पळालं. तिसऱ्यांदा दाबल्यावर जनरेटर सुरू झाला आणि छावणीतले हॅलोजन एकेक करत लागले.

खालून फोन गेला असणार; दीडेक तासात आप्पाराव चढून आले, या खेपेला एकटेच. थर्मास नव्हता.

"बद्री," ते धापत म्हणाले, "काय ठरलं व्हतं आपलं?"

बद्रीनाथनं फ्लॅश कॅमेऱ्यावर नीट बसवला.

"काय आलं फोटोत?"

बद्रीनाथनं कॅमेऱ्याच्या पडद्याकडं बघितलं. तीन फोटो होते. तिन्ही कोळशासारखे काळे, त्यात खाली हॅलोजनसुद्धा नव्हते. त्यानं आयुष्यात काढलेले सगळ्यात टाकाऊ फोटो. त्यानं पडदा बंद केला.

"समदं आलं, आप्पा," तो म्हणाला. "ट्रक, ट्रकचा नंबर, राधाकिशन. लई सफा आलंय."

आप्पारावांनी दाखव म्हटलं नाही. तारे दाखवले तेव्हा चष्मा लावून, मोजून बघूनही त्यांचा विश्वास बसला नव्हता. आता न बघताच बसला. ते म्हणाले, "पॅनलमधी नाव धरलं व्हतं तुजं," आणि खाली निघाले. उतरताना त्यांचा पाय एकदा घसरला, तेव्हा बद्रीनाथ सवयीनं पुढं झाला आणि त्यानं त्यांना हात दिला.

छावणीत ट्रकमधल्या मोळ्या परत खाली यायला लागल्या. चार बाया एक मोळी ओढत भिवराबाईच्या पालाकडं चालल्या होत्या, एवढं त्याला लेन्समधून आता स्वच्छ दिसत होतं. तांबडी उठलेली दिसत नव्हती. त्याच्या डाव्या अंगाला मृग डोंगराला टेकत होता, पण वळून बघण्यात अर्थ नव्हता. एवढ्या उजेडात तो दिसलाच नसता, आणि माणूस छावणीकडं बघतोय हे खालच्यांना उद्याही दिसायला पाहिजे होतं, परवाही. म्हणून त्यानं फ्लॅशचे सेल बदलले आणि आणखी एक टाकाऊ फोटो काढला.